जपानी ॲनिमेशनपटांतला गॉथिक व्हॅम्पायर कसा पाहावा

व्हॅम्पायरचा चित्रपट म्हणजे घाबरवणारा चित्रपट, असे मनाशी धरून जपानी ॲनिमेशनपट पाहायला बसणाऱ्याची बहुधा निराशा होते. रक्त सांडते, तलवारी चालतात, अंधारातून विचित्र आकृत्या बाहेर येतात, आणि तरीही छातीत धडकी भरत नाही. मनावर उतरते ती एक जडशी हुरहुर, आणि चित्रपट संपल्यावरही ती बराच वेळ जात नाही. ही हुरहुर हेच या चित्रपटांचे खरे देणे आहे, असे मला वाटते. त्यांतला व्हॅम्पायर भक्षक असतोच, पण त्याआधी तो काळाने मागे टाकलेला आणि आपला अस्त जवळ आल्याचे ओळखून असलेला जीव असतो; ते उंच मनोरे, ओसाड किल्ले आणि न संपणाऱ्या रात्री हे त्या अस्ताचेच दृश्य रूप असते. हे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत, पाहताना नजर कुठे ठेवावी आणि कान कशाकडे द्यावेत, हे पुढे सविस्तर सांगितले आहे. त्यांतला हिंसाचार आणि काही ठिकाणची नग्नता लक्षात घेता ते लहान मुलांसोबत पाहण्याजोगे नाहीत, हे आधीच नमूद करतो.

सुरुवात शब्दापासून करावी. मराठीत व्हॅम्पायरला सर्रास 'पिशाच' म्हटले जाते, पण तो शब्द पाहणाऱ्याची दिशा चुकवतो. पिशाच म्हटले की देह गेलेला आणि वासना मागे राहिलेला आत्मा डोळ्यांसमोर येतो. व्हॅम्पायरचे याच्या नेमके उलट आहे. त्याचा देह शाबूत आहे, सुंदर आहे, थकत नाही, म्हातारा होत नाही. हरवले आहे ते माणसांतले स्थान, दिवसाचा उजेड आणि मरणाचा हक्क. जपानी भाषेत त्याला 'क्यूकेत्सुकी' म्हणतात आणि हा शब्द तीन चिन्हांनी लिहितात: पहिले शोषण्याचे, दुसरे रक्ताचे आणि तिसरे 'ओनी'चे, म्हणजे लोककथांतल्या राक्षसाचे. परंतु या प्रकारातल्या सर्वांत प्रभावी कथामालेत, हिदेयुकी किकुची यांच्या 'व्हॅम्पायर हंटर डी'मध्ये, व्हॅम्पायरांना 'किझोकु' म्हटले जाते आणि त्याचा सरळ अर्थ आहे उमराव. राक्षस हा शब्द हाताशी असताना लेखकाने उमराव हा शब्द निवडला, एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे काम होते.

हा उमराव आला कुठून, हे थोडक्यात माहीत असावे. होरेस वॉलपोल याने १७६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला 'गॉथिक कथा' असे उपशीर्षक दिले आणि जुना किल्ला, घराण्यावरचा शाप, भुयारे, पूर्वजांची पापे हे साहित्य कथाकारांच्या हाती आले. जॉन पॉलिडोरीच्या १८१९ च्या कथेने व्हॅम्पायरला खानदानी पोशाख चढवला, शेरिडन ले फानूच्या 'कार्मिला'ने १८७२ च्या सुमारास त्याला प्रेमाची ओढ दिली आणि ब्रॅम स्टोकरने १८९७ मध्ये 'ड्रॅक्युला' या कादंबरीत त्याला काउंट, म्हणजे सरदार, करून किल्ल्यात बसवले. १९५८ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीने क्रिस्टोफर ली यांना घेऊन याच काउंटवर रंगीत चित्रपट काढला. १९४९ साली जन्मलेल्या किकुचींच्या मनात त्या चित्रपटाने कायमचे घर केले. जपानमध्ये तोहो या निर्मितिसंस्थेसाठी मिचिओ यामामोतो यांनी १९७० ते १९७४ या काळात तीन व्हॅम्पायरपट दिग्दर्शित केले. त्याच सुमारास, १९७२ पासून, मोतो हागिओ यांनी आपल्या चित्रकथांतून गुलाबांच्या गावात राहणारी, वय न वाढणारी मुले रंगवली. किकुचींची 'डी'ची पहिली कादंबरी १९८३ मध्ये आली, ती योशिताका आमानो यांच्या चित्रांसह.

येथे थांबून एका गोष्टीचा विचार करावा, कारण या साऱ्या आकर्षणाची किल्ली तिच्यात आहे. युरोपातल्या लेखकासाठी पडका किल्ला आणि चर्च ही गावाबाहेर दिसणारी वास्तू असते. ती त्याच्या इतिहासाचे ओझे असते. जपानी चित्रकारासाठी निमुळत्या कमानी, दगडी मनोरे, रंगीत काचांच्या खिडक्या आणि क्रूस यांतले काहीच वारशाने आलेले नसते. तो ते सर्व केवळ रूपासाठी निवडतो, आणि म्हणून ते अधिक मोकळेपणाने वापरतो. मनोरा प्रत्यक्षात उभा राहू शकेल की नाही, याची त्याला फिकीर नसते. क्रूसामागची श्रद्धा मागे पडते आणि त्याची आकृती, त्याची सावली, त्याचे वाकणे पुढे येते. किकुचींनी तर हे सारे जग इसवी सन १२०९० मध्ये नेऊन ठेवले आहे. तेथे उमरावांनी अचाट यंत्रे बनवली आहेत, यांत्रिक घोडे आहेत, आणि तरीही ते मध्ययुगीन किल्ल्यांत, मेणबत्त्यांच्या उजेडात राहतात. भविष्यातच भूतकाळाचे अवशेष उभे करण्याची ही कल्पना मला अतिशय मार्मिक वाटते. ज्यांना मरण नाही त्यांना भविष्य असूनही त्याचे काही करता येत नाही. म्हणून ते जुन्या शैलीला घट्ट धरून बसतात.

पाहण्याचा क्रम

पहिल्यांदा पाहणाऱ्याने योशिआकी कावाजिरी यांनी मॅडहाउस स्टुडिओसाठी केलेल्या २००० सालच्या 'व्हॅम्पायर हंटर डी : ब्लडलस्ट' या चित्रपटापासून सुरुवात करावी. तो किकुचींच्या तिसऱ्या कादंबरीवर आधारलेला आहे, पण आधीचे काहीही वाचलेले किंवा पाहिलेले नसले तरी अडत नाही. शार्लट नावाच्या तरुणीला मायर लिंक हा उमराव रात्री घेऊन जातो. तिचा पिता तिला परत आणण्यासाठी, आणि ती व्हॅम्पायर झालीच असेल तर तिला यातना न होता संपवण्यासाठी, डी या शिकाऱ्याची नेमणूक करतो. डी स्वतः अर्धा माणूस आणि अर्धा व्हॅम्पायर, म्हणजे डॅम्पीर आहे. मार्कस बंधूंची एक टोळीही याच कामावर निघाली आहे आणि तिच्यात लैला नावाची एक शिकारी स्त्री आहे. एवढे कथानक माहीत असणे पुरेसे आहे.

त्यानंतर मागे जाऊन तोयो आशिदा यांचा १९८५ चा पहिला 'डी' चित्रपट पाहावा. उलट क्रमाने पाहिले तर १९८५ च्या चित्रपटाचा साधेपणा खटकतो आणि पुढचा पाहण्याचा उत्साह मावळतो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. ब्लडलस्टनंतर पाहिल्यास मात्र त्याच जगाचा कच्चा, खरबरीत आराखडा पाहिल्याचा आनंद मिळतो. तो चित्रपटगृहासाठी नव्हे तर घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या बाजारासाठी तयार झाला होता, आणि ही बाजारपेठ तेव्हा नुकतीच उघडली होती. दूरचित्रवाणीवर न चालणारा विषय प्रौढ प्रेक्षकाला थेट विकण्याची सोय तिने करून दिली आणि गॉथिक व्हॅम्पायरसारख्या गडद विषयाला त्यामुळेच जागा मिळाली.

तिसऱ्या क्रमांकावर प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओचा, हिरोयुकी किताकुबो दिग्दर्शित 'ब्लड : द लास्ट व्हॅम्पायर' ठेवावा. हाही २००० चाच आहे आणि पाऊण तासाच्या आसपास संपतो. त्यात किल्ला नाही, झगे नाहीत. १९६६ साली टोकियोजवळच्या योकोता या अमेरिकी हवाई तळावर, हॅलोवीनच्या दिवसांत तो घडतो आणि व्हिएतनाम युद्धाची छाया त्याच्यावर पसरलेली आहे. सर्वांत शेवटी, डोळा सरावल्यावर, तात्सुया ओइशी यांची 'किझुमोनोगातारी' ही २०१६ आणि २०१७ मध्ये आलेली तीन भागांची मालिका घ्यावी. तिन्ही भाग सलग न पाहता तीन वेगवेगळ्या रात्री पाहिलेले बरे.

बसण्यापूर्वीची तयारी

खोली अंधारी असावी. हे चित्रपट गडद निळ्या, जांभळ्या आणि करड्या रंगांच्या लगतच्या छटांवर उभे आहेत, आणि खिडकीतून येणारा उजेड पडद्यावर पडला की त्या सर्व छटा मिळून एकच काळा पट्टा होतो. मी ब्लडलस्ट पहिल्यांदा भर दुपारी पाहिला तेव्हा अर्ध्या प्रसंगांत कोण कुठे उभे आहे हेच कळले नव्हते. तोच चित्रपट रात्री दिवे मालवून पाहिल्यावर त्या काळ्या पट्ट्यांतून कमानी, जिने आणि पुतळे बाहेर आले.

दूरचित्रवाणी संचावर पाहणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय शोधून बंद करावी. ही सोय दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या अंदाजाने नवी चित्रे भरते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पण जपानी ॲनिमेशनमध्ये एकच रेखाचित्र अनेकदा दोन किंवा तीन चौकटी टिकवले जाते, आणि तो ठेहराव चित्रकाराने विचारपूर्वक ठेवलेला असतो. झग्याचा घोळ वाऱ्यावर उलगडताना जो अडखळता, भारदस्त झोत दिसतो तो या ठेहरावातून येतो. यंत्राने तो भरून काढला की झगा पाण्यासारखा वाहतो आणि त्याचे वजन नाहीसे होते. संचाची भडक रंगांची मांडणीही टाळावी, कारण तिच्यामुळे रक्ताचा लाल आणि गुलाबाचा लाल यांतला फरक पुसला जातो.

भाषेबाबत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जपानी चित्रपट मूळ जपानी आवाजांतच पाहावा, हा सर्वसाधारण नियम ब्लडलस्टला लागू करण्याची गरज नाही. त्याचे इंग्रजी संवाद आधी ध्वनिमुद्रित झाले आणि जपानी नंतर, त्यामुळे दोन्ही आवृत्त्यांना मूळ म्हणण्याइतका अधिकार आहे. 'ब्लड'मध्ये तर पात्रेच प्रसंगानुसार इंग्रजी आणि जपानी बोलतात. परक्या देशाच्या तळावरचे अवघडलेपण त्या भाषाबदलातूनच कळते, म्हणून तो मिश्र आवाजातच ऐकावा.

नजर कुठे ठेवावी

पात्राकडे नंतर पाहावे, आधी पार्श्वचित्राकडे पाहावे. नव्या जागेचे पहिले दृश्य पडद्यावर आले की नजर मधोमध न ठेवता कडांवरून फिरवावी: छताची उंची किती आहे, खांबांना भेगा आहेत का, मूर्तींचे चेहरे झिजले आहेत का, वेली कुठवर चढल्या आहेत. उमरावाचा स्वभाव त्याच्या संवादांतून जितका कळत नाही तितका त्याच्या भिंतींवरून कळतो. गॉथिक वास्तूचा सारा जोर उंचीवर असतो, नजर वर खेचण्यावर असतो, आणि या चित्रपटांत त्या उंचीखाली उभी असलेली आकृती बहुधा अगदी लहान आणि एकटी काढलेली असते. ज्याने वास्तू बांधली तोच तिच्यात हरवला आहे, हे कुणी बोलून दाखवत नाही.

याचा उत्तम नमुना ब्लडलस्टच्या सुरुवातीला मिळतो. रात्र आहे, गाव झोपले आहे, काळी घोडागाडी आत शिरते. मायर लिंक अजून दिसलेला नाही. तो जसजसा जवळ येतो तसतसे छपरांवरचे धातूचे क्रूस मुडपू लागतात, कुणी अदृश्य हाताने तार पिळावी तसे. किंकाळी नाही, झटापट नाही. पुढच्याच क्षणी शार्लटच्या खोलीत कोण येणार आहे हे आपल्याला कळलेले असते आणि त्याचे सामर्थ्यही मोजून झालेले असते. हा प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना आवाज पूर्ण बंद करावा आणि प्रत्येक क्रूस वाकायला किती वेळ लागतो याकडेच लक्ष द्यावे. दिग्दर्शक घाई करत नाही, आणि भय तेथे डौलाचे रूप घेते.

अशा थांबलेल्या क्षणांना या शैलीत मोठे मोल आहे. कमी चित्रांत काम भागवण्याच्या गरजेतून जपानी ॲनिमेशनने स्थिर चित्रावर कॅमेरा हळूहळू सरकवण्याचे तंत्र विकसित केले. काटकसरीतून जन्मलेले हे तंत्र व्हॅम्पायरच्या कथेला इतके शोभून दिसते की ते तिच्यासाठीच शोधले असावे असे वाटते. जो शतकानुशतके बदलला नाही तो पडद्यावर निश्चल दिसणे यापरते योग्य ते काय! म्हणून पात्र हलत नाही तेव्हा कंटाळून घड्याळाकडे पाहू नये. काय हलते आहे ते शोधावे. बहुतेक वेळा केस, झग्याची कड, धुके किंवा मेणबत्तीची ज्योत, एवढेच हलत असते.

रेषांकडे पाहण्याचीही एक रीत आहे. आमानोंनी कादंबऱ्यांसाठी काढलेली चित्रे केसासारख्या बारीक, वळणावळणाच्या रेषांनी आणि मोकळ्या सोडलेल्या कागदाने बनलेली आहेत. अशी रेषा हजारो वेळा जशीच्या तशी काढून हलवणे जवळपास अशक्य असते, त्यामुळे १९८५ च्या चित्रपटाने ती बाजूला ठेवून ठसठशीत आकार स्वीकारले. २००० च्या चित्रपटात युताका मिनोवा यांनी पात्रे रेखाटताना लांब बोटे, निमुळते चेहरे आणि डीच्या प्रचंड टोपीची कड यांतून आमानोंच्या बरेच जवळ जाऊन दाखवले. आमानोंचे एखादे मूळ चित्र आधी निरखून मग दोन्ही चित्रपटांतला डी शेजारी ठेवला, तर एका कलेतून दुसरीत जाताना काय गळते आणि काय टिकते हे डोळ्यांना दिसते.

सूर्य हा या कथांतला सर्वांत मोठा शत्रू, म्हणून उजेडाचे प्रसंग वेगळे लक्षात ठेवावेत. किझुमोनोगातारीच्या पहिल्या भागाच्या आरंभी कोयोमी अरारागी हा विद्यार्थी एका रिकाम्या, अवाढव्य काँक्रीटच्या इमारतीत एकटाच फिरताना दिसतो. संवाद जवळपास नाहीतच. पावलांचा आवाज आहे, कावळे आहेत. तो वर, मोकळ्यावर येतो, ऊन अंगावर पडते आणि तो पेटतो. आपण आता काय झालो आहोत हे त्याला स्वतःलाच तेव्हा कळते, आणि प्रेक्षकालाही. येथे किल्ल्याची जागा काँक्रीटने घेतली आहे, पण उंची, रिकामपण आणि माणसाचे लहानपण हे गॉथिकचे तिन्ही गुण जसेच्या तसे आहेत.

कथेला कोणता प्रश्न विचारावा

कोण जिंकले हा प्रश्न येथे फारसा कामाचा नाही. अमरत्वाची किंमत या कथेत कोण चुकवते आहे, हा प्रश्न प्रत्येक चित्रपटाला विचारावा आणि उत्तरे शेजारी शेजारी ठेवावीत. १९८५ च्या चित्रपटात लार्मिका ही त्यातल्या व्हॅम्पायर काउंटची मुलगी स्वतःच्या शुद्ध रक्ताच्या अभिमानावर जगते, आणि आपली आई माणूस होती हे कळल्यावर तिच्या पायाखालची जमीन सरकते. 'ब्लड'मध्ये साया ही नायिका ज्या प्राण्यांना मारत फिरते त्यांच्यातलीच ती आहे. अखेरीस धावपट्टीजवळ मरणाऱ्या प्राण्याच्या तोंडात ती स्वतःच्या रक्ताचे थेंब सोडते. हा क्षण काही सेकंदांचा आहे आणि त्यावर कुणीही भाष्य करत नाही, त्यामुळे पापणी लवली तर निसटतो. माझ्या मते सबंध चित्रपट त्या थेंबांसाठी बांधलेला आहे.

याच प्रश्नाला पूर्णपणे जपानी मातीतून आलेले उत्तर हवे असेल तर चित्रपटांच्या रांगेतून थोडे बाजूला येऊन तोशिकी हिरानो यांची १९८८ पासून आलेली 'व्हॅम्पायर प्रिन्सेस मियू' ही चार भागांची व्हिडिओ मालिका पाहावी. क्योतो आणि कामाकुरा या जुन्या शहरांत ती घडते आणि केन्जी कावाई यांचे संगीत तिला वेढून असते. मियू रक्त घेते, पण ज्याचे घेते त्याला न संपणारे सुखस्वप्न देते. ते दान आहे की शिक्षा, हे मालिका सांगत नाही.

ब्लडलस्टमध्ये या प्रश्नाचे उत्तर तीन पात्रांत वाटलेले आहे, म्हणून तो दोनदा पाहणे भाग आहे. पहिल्यांदा पाठलागाची कथा म्हणून पाहावा. दुसऱ्यांदा पाहताना मायर लिंक आणि शार्लट यांना अपहरणकर्ता आणि बळी न समजता पळून निघालेले प्रेमी म्हणून पाहावे, कारण सत्य तेच आहे. तसे पाहिले की डीचे प्रत्येक पाऊल जड वाटू लागते. पावसातला प्रसंग मुळीच निसटू देऊ नये. डी उन्हाच्या बाधेने खचून झाडाखाली मातीत पडून आहे, लैला शेजारी बसली आहे, आणि शिकाऱ्यांच्या मरणावर रडायला कुणी नसते हे बोलता बोलता दोघे एक करार करतात: जो मागे उरेल त्याने दुसऱ्याच्या थडग्यावर फुले ठेवावीत. त्यावेळी हे बोलणे सहज येऊन गेल्यासारखे वाटते.

चित्रपटाचा शेवट दिवसाउजेडी होतो. अनेक वर्षे लोटली आहेत, लैला म्हातारी होऊन वारली आहे आणि तिच्या दफनविधीला मुलेनातवंडे जमली आहेत. डी लांब उभा आहे, होता तसाच, एका दिवसानेही मोठा न झालेला. लैलाची नात त्याच्यापाशी येते आणि त्याला थांबण्याचा आग्रह करते. तो नम्रपणे नकार देतो. लैलासाठी रडायला कुणी नसेल अशी भीती वाटत होती, ती खोटी ठरल्याचा आनंद आहे, असे सांगतो आणि घोड्याकडे वळतो. येथे चित्र थांबवून दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सबंध चित्रपटातले निळे-काळे रंग जाऊन आलेला उबदार उजेड. दुसरी, त्याच्या डाव्या हातात राहणारा आगाऊ जीव त्याला चिडवतो तेव्हा टोपीच्या कडेखाली क्षणभर दिसणारे डीचे हसू. ते इतके पुसट आहे की अंधाऱ्या खोलीतच नीट दिसते.